आजचा रंग

पहाटे पाचला मी रंग सांगते.
ठरवतो कॉम्प्युटर;
मी फक्त फोनच्या यंत्रात बोलते: आजचा रंग हिरवा.
एरी गावात, तळ्यावरून आलेला बर्फ
खिडकीच्या निम्म्यापर्यंत चढलेला असताना
त्रेचाळीस माणसं उठून तो नंबर फिरवतात.
ज्याचा रंग निघाला त्यानं नऊच्या आत
कोर्टाच्या तळघरात येऊन
प्लास्टिकच्या पेल्यात लघवी द्यायची.
नाही आला, तर 'आला नाही' असं आम्ही लिहीत नाही.
'पॉझिटिव्ह' लिहितो.

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली,
म्हणजे नवरात्रासारखंच की, रोजचा रंग.
हो, म्हटलं. साडी तेवढी नेसायची नाही.

माझं पद समन्वयक, उपचार न्यायालय.
काम म्हणजे तुरुंगाच्या दाराशी उभं राहून
माणसं दुसऱ्या रांगेत लावायची.
दगडापेक्षा वीट मऊ, म्हणतात ना,
मी विटा मोजते:
बसचे पास, किराण्याची वीस डॉलरची कार्डं,
समुपदेशकाकडच्या गैरहजेऱ्या,
तीन महिने कोरडा राहिलेल्यासाठी केक,
आणि न राहिलेल्यासाठी
शेरीफचा माणूस, भिंतीला टेकून.
वर्षाअखेर कौंटीला तक्ता लागतो:
तुरुंगातला एक दिवस केवढ्याला, आमचा केवढ्याला.
वजाबाकी ठळक अक्षरात.
त्या वजाबाकीवरच आमची खोली भाड्यानं आहे.

फेब्रुवारीतल्या एका पहाटे मला ताप होता.
अंथरुणातूनच नंबर लावला
आणि म्हणाले, जांभळा.
बाकी सगळं वाक्य इंग्रजी होतं,
रंग तेवढा आतून आला.
मला पत्ताही नाही. गोळी घेऊन झोपले.

नऊपर्यंत सतरा निरोप. एकानं विचारलं,
हा जांब्ला कोण, नवा न्यायाधीश का?
एकजण नुसताच शिव्या देऊन रडला.
जांभळ्या रंगाची सात माणसं; सहा आली नाहीत.
सातवी लोरेटा वॉयचिक
सव्वासहालाच तळघराच्या पायरीवर,
पायात मुलाचे बूट,
बस बंद म्हणून दोन मैल चालत.
तपासनीस म्हणाला, तुला कळला होता रंग?
नाही, ती म्हणाली. कळला नाही, म्हणून आले.

दुपारच्या बैठकीत सरकारी वकील म्हणाले, नियम तो नियम,
कळलं नाही तर विचारायचं.
मी म्हटलं, विचारणार कुणाला, मी झोपले होते.
न्यायाधीश हॅवरस्टॉकनी चष्मा कपाळावर सरकवला:
म्हणा बघू तो शब्द पुन्हा.
म्हटला. त्यांनीही म्हणून पाहिला,
त्यांच्या तोंडात तो औषधाच्या नावासारखा झाला.
सहा नावांपुढे कोरं ठेवा, म्हणाले,
आणि त्या बाईंना?
बक्षिसांच्या यादीत असलं काही कलम नव्हतं.
मी माझ्या पर्समधून बसचे दोन पास दिले
आणि खर्चाच्या वहीत काहीच लिहिलं नाही.

इथं थांबले असते तर बरं झालं असतं.
मे महिन्यात जांभळा तीनदा निघाला,
स्वच्छ इंग्रजीत, माझ्या बऱ्या झालेल्या घशातून.
तिन्ही वेळा ती आली नाही.
शेरीफचा माणूस भिंतीपासून सुटा झाला.
जाताना तिनं मला फक्त विचारलं,
मुलाच्या शाळेत कोण फोन करेल?
मी केला.
चौदा दिवस. तक्त्यातल्या वजाबाकीतून
चौदा दिवस वजा.

काल ती सुटली.
आज पहाटे कॉम्प्युटरनं कुठलासा रंग दिला,
तिचा नव्हे.
तरी सातला मी तळघरात गेले,
काहीतरी काम होतं.
दिवा लावला, पायरीवरची वाळू झाडली.
काय काम होतं ते अजून आठवत नाही.